डावबाई अर्धं वाढत नाही

शाळेच्या स्वयंपाकघरात ती आली तेव्हा तिला कुणी डावबाई म्हणत नव्हतं. तेव्हा ती भांडी घासणारी नवी पोरगी होती, नुकतंच लग्न झालेली. कमरेएवढ्या पातेल्यात अर्धीअधिक शिरून ती करपलेला तळ खरवडायची, तेव्हा बाहेरून नुसते पाय दिसायचे. जुन्या आचारीणबाईंना दम्याचा त्रास होता. एका दुपारी त्यांना उठवेना, पातेलं चुलीवर आणि मुलं दारात. पोरीने पदरचं शहाणपण वापरून डाव हातात घेतला, तो कायमचाच.

हात तिचा असा सढळ की पहिल्याच दिवशी शेवटच्या वर्गाच्या वाट्याला खरवड आली. तिने बोलणी खाल्ली, अंदाज बांधायला शिकली, पण हात काही आखडला नाही. पाणी वाढवून भागवायच्या ऐवजी ती धान्य वाढवून मागायला गेली आणि भांडून घेऊन आली. मुलांनी नाव ठेवलं डावबाई. मोठी माणसं म्हणत, वाढायच्या डावावरून नाही हो, हिच्यावर कुणाचा डाव चालत नाही म्हणून.

स्वयंपाकघर म्हणजे एक लांबट खोली. छत धुराने काळं, खिडकी एकच आणि तीही डब्यांनी निम्मी अडलेली. मागे धान्याची कोठी. रोजचा बेत ठरलेला: गव्हाचा भरडा, डाळ आणि हाताला लागेल ती भाजी, सगळं एकत्र शिजवून घट्ट. पातेल्यात रोवलेला डाव उभा राहिला पाहिजे, असा तिचा नियम होता. तो कलंडला तर ती वाढायचीच नाही. घंटा होऊन गेली, मुलं बोंबलली, मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका दोनदा डोकावून गेल्या, तरी हिचं आपलं ढवळणं चालूच.

तिचा नवरा शिंपी. शाळेसमोरच्या गल्लीत त्याचं दुकान, दुकानामागे दोन खोल्या आणि बाजूला फरशीचं अंगण. माणूस बोलायला कमी, पण बोलला की सुईसारखा. "घरी मला काय ते थोडंथोडं वाढते," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "सगळा सढळपणा सरकारी धान्यावर."

गहू यायचा तो गावाबाहेरच्या शेतांतून. त्यातलं एक शेत तिच्या दादाचं. वडिलांमागे त्याने ते एकट्याने सांभाळलं होतं, आणि आपल्या शेतातला गहू बहिणीच्या पातेल्यात जातो याचा त्याला कोण अभिमान. कधी भेटला तर पहिला प्रश्न तोच: "कसा शिजतोय माझा?"

मग वारा बिघडला.

ऊन काही कुणाला नवीन नव्हतं. पण पूर्वी ते वेळ बघून यायचं. आता ओंबीत दूध भरायच्या दिवसांतच गरम वारा सुटायला लागला. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, नशीब. दुसऱ्या वर्षी म्हणाले, एखादं वर्ष असतं असं. तिसऱ्या वर्षी कुणी काही म्हणेना. डावबाई सुट्टीच्या दिवशी दादाकडे गेली तेव्हा तो बांधावर बसला होता. समोर पीक कमरेएवढं उभं, सोन्यासारखं पिवळं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय भरघोस आलंय.

दादाने एक ओंबी तोडून तिच्या हातात दिली. "चोळ."

तिने तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. फोलपटं उडाली. खाली जे उरलं ते दाणे नव्हतेच, दाण्यांची सालं होती.

"सगळं असंच?"

"सगळं. शेजारच्याचंही, त्याच्या पलीकडच्याचंही." दादाने हात झटकले. "मी ठरवलंय. बंदरावर ओझी उचलायला माणसं घेतायत. जातो."

"आणि जमीन?"

"जमिनीने मला सोडलं, मी तिला सोडतो. फिटंफाट."

 डावबाईचं लक्ष बांधाच्या कडेला गेलं होतं. तिथे वहिनीने कोंबड्यांसाठी मूठभर ज्वारी टाकली होती. कुणी पाणी घातलं नव्हतं, कुणी निगा राखली नव्हती. त्याच वाऱ्यात ती हिरवीगार उभी होती, कणसं टपोरी.

"दादा, हे लाव की शेतभर."

"ते कोंबड्यांचं खाणं आहे."

"कोंबड्या तुझ्यापेक्षा तरतरीत दिसतायत."

मागे उभ्या वहिनीला हसू आवरेना, आणि दादा दोघींवर चिडला. गव्हाच्या शेतकऱ्याने ज्वारी लावायची म्हणजे घोडेस्वाराने गाढवावर बसायचं, असं त्याचं म्हणणं. वाद संध्याकाळपर्यंत चालला. "बंदरावरची ओझी कशाची असतात माहीत आहे? धान्याची," डावबाई म्हणाली. "सगळेच ओझी उचलायला गेले तर त्या पोत्यांत भरणार काय? पोरांना मी काय वाढू, तुझी फिटंफाट?" शेवटी दादा म्हणाला, एक हंगाम. फक्त एक. तुझ्या तोंडाला कंटाळून.

इकडे शिंप्याच्या दुकानातला रेडिओ रोज नवं काहीतरी सांगायचा. एका देशात पुराने भात कुजला, दुसऱ्यात पाऊसच नाही, तिसऱ्याने धान्य बाहेर पाठवायचं बंद केलं. शिंपी कात्री थांबवून ऐकायचा. "पूर्वी एकाचं बुडालं तर दुसरा द्यायचा," तो म्हणाला. "आता देणाराच रांगेत उभा आहे."

रांग शाळेतही वाढली. मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन यायला लागल्या. मधल्या सुट्टीआधीच मुलं बाकावर डोकं टेकून पडत. एकाने ताटली चाटली आणि मग बोटांना लागलेलंही नीट बघून बघून चाटलं. डावबाईने ते पाहिलं आणि पाठ फिरवून उगाचच चूल सारखी केली.

अशात पुरवठा खात्याचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. कॉलर घामाने भिजलेली, डोळे जागरणाने तारवटलेले. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून त्यांनी सांगितलं, उद्यापासून प्रत्येकाला अर्धा डाव. बाहेरच्या भावंडांना काही नाही.

"अर्धा कशाला?" डावबाईने विचारलं.

"सरकारी गोदामात आहे ते पुढच्या पिकापर्यंत पुरवायचंय. सगळ्यांना थोडं थोडं."

"म्हणजे सगळ्यांना उपाशी."

"बाई, पीक जगभर बुडालंय. मी कुठून आणू?"

 साहेब खोटं बोलत नव्हते हे तिला कळत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. खोटं बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं.

"तुम्ही आणा असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण अर्ध्या डावात पोट भरलं असं त्या पोरांना सांगायला मला लावू नका. मी अर्धं वाढत नाही."

"मग काय कराल?"

"पूर्ण वाढीन. संपलं की संपलं म्हणून सांगीन. मग गोदामाचं दार कुणी उघडायचं ते तुम्ही बघा."

साहेबांना वाटलं, बोलते आहे नुसती. बोलणारी बाई ती नव्हती. तिने पूर्ण वाढलं, भावंडांनाही वाढलं, आणि आठवड्याचं धान्य अर्ध्या आठवड्यातच संपवलं. मोठ्या बाई हात जोडायच्या बाकी राहिल्या. "अगं, माझ्याही नोकरीचा विचार कर," त्या कळवळून म्हणाल्या. त्या मुळात भित्र्या. शाळेत पाहुणे यायचे असले की त्यांना आदल्या दिवसापासून जेवण जायचं नाही.

गोदामाचं दार काही उघडलं नाही. डावबाईला मात्र शाळेचं दार दाखवलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर तिने बाहीने कपाळ पुसलं, चुलीतली राख स्वतः काढली आणि समोरची गल्ली ओलांडून घरी आली. तिच्या जागी तिच्याच हाताखालची बाई उभी राहिली आणि खाली मान घालून अर्धा अर्धा डाव वाढायला लागली.

"आता?" शिंप्याने विचारलं.

"आता ज्वारी येऊ दे."

"आणि तोवर?"

"तोवर तुम्हाला पोटभर वाढते. तक्रार होती ना तुमची?"

पण ज्वारी यायच्या आधी निरोप आला. दादा शेतात पडला होता. कणसं भरत आली होती आणि पाखरांनी थव्याथव्याने धाड घातली होती. भुकेली काय फक्त माणसंच असतात? भर दुपारी दादा पाखरं हाकत फिरत राहिला. घाम यायचा थांबला तेव्हा त्याला वाटलं, चला, गारवा सुटला. मग तो जो आडवा झाला तो दवाखान्यातच शुद्धीवर आला. जीव वाचला, पण डावा पाय ओढत राहिला आणि जीभ जड झाली.

दवाखान्याच्या लांबलचक वऱ्हांड्यात वहिनी बाकावर बसली होती. डावबाई जवळ गेली तशी ती उठून उभी राहिली.

"बंदरावर चालला होता तो. सावलीत असता," वहिनी म्हणाली. आवाज मुळीच चढला नव्हता. "तुमच्या हट्टापायी राहिला, वन्सं. कोंबड्यांवरून हसलो आपण दोघी त्याला."

 डावबाई तशीच परत फिरली. घरी येऊन तिने पातेलं उगाचच घासायला घेतलं आणि कितीतरी वेळ घासत राहिली. शिंप्याने मशीन थांबवून तिच्याकडे पाहिलं. "चहा करू?" एवढंच तो म्हणाला.

पुढचे काही दिवस ती घराबाहेर पडली नाही. खिडकीतून शाळेची घंटा ऐकू यायची, आणि घंटेनंतरचा गलका आता फार लवकर विरून जायचा. अर्धा डाव खायला वेळ तो किती लागणार. आपण चुकलो का, हा प्रश्न तिने उलटसुलट करून पाहिला. दादाला थांबवलं ही चूक असेलही. पण त्याला पाडलं ते उन्हाने, आणि ते ऊन बंदरावरही होतंच. ओझी उचलणाऱ्याला कसली आली सावली. ज्वारी तर अजून शेतातच उभी होती. ती पाखरांच्या घशात गेली तर दादा फुकटच पडला असं होईल, आणि ते मात्र ती होऊ देणार नव्हती.

झुंजुमुंजू व्हायच्या वेळी ती शेतावर पोचली. बरोबर शाळेच्या स्वयंपाकघरातल्या दोघी, आणि त्यातली एक तीच, तिच्या जागी वाढणारी. "मला बोलावलं नसतंस तरी आले असते," ती वाटेत म्हणाली होती. "रोज अर्धा डाव वाढून माझा हात दुखायला लागलाय."

वहिनी दारातच होती. तिने चौघांकडे, म्हणजे तिघींकडे आणि मागून सायकल ढकलत धापा टाकत आलेल्या शिंप्याकडे पाहिलं.  मग ती आत गेली आणि विळे घेऊन आली. डावबाईच्या हातात विळा देताना ती म्हणाली, "माफ केलं असं समजू नका."

"नाही समजत."

"ऊन चढायच्या आत सगळ्यांनी बाहेर यायचं. एकही माणूस आत राहता कामा नये. माझ्या शेतावर आता माझा हुकूम."

"हो, वहिनी."

डावबाईने कुणाचा हुकूम इतक्या मुकाट्याने मानल्याचं शिंप्याने कधी पाहिलं नव्हतं. तो नंतर बरेच दिवस सांगायचा, "कापणी राहू द्या हो, मी ते बघायला गेलो होतो."

सगळ्याजणी पहाटे कापायच्या आणि ऊन तापायच्या आत झाडाखाली यायच्या. दादाला दवाखान्यातून आणल्यावर त्याची खाट ओसरीवर टाकली. तिथून तो जड जिभेने सूचना द्यायचा, त्या कुणाला नीट कळायच्या नाहीत, आणि कळल्या तरी कुणी ऐकायचं नाही. पाखरांनी बरंच नेलं होतं. तरी जे हाती आलं ते दाणेदार होतं. घरच्यापुरतं ठेवून बाकीचं वहिनीने हातगाडीवर घातलं. "तुमच्या दादाने शाळेसाठीच पिकवलं आयुष्यभर," ती म्हणाली. "शाळेने नाही घेतलं तर तुमच्या अंगणात शिजवा. पण शिजवा."

शाळेने नाहीच घेतलं. स्वयंपाकघरात फक्त गोदामातला गहू शिजेल, असा नियम निघाला. मग डावबाईने अंगणात चूल मांडली.

पहिला दिवस फजितीचा. ज्वारी ती गव्हासारखीच शिजवायला गेली, आणि पातेल्यात वाळू शिजवावी तसं झालं. गल्लीतल्या पोरांनी एकेक घास घेतला आणि एकमेकांकडे पाहिलं. शिंप्याने मन लावून चावलं, मग एक दाणा तोंडातून काढून उजेडात धरला. "भोकं पाडता आली तर बटणं म्हणून लावीन," तो म्हणाला. डावबाईने सगळं परत चुलीवर चढवलं. दुसऱ्या दिवशी आधी भिजत घातली, जाडसर भरडली, मंद आचेवर तास न् तास ठेवली. रंग मातकट आला, पण वास खमंग सुटला आणि डाव पातेल्यात ताठ उभा राहिला.

गल्लीतली मुलं येत होती. शाळेतली मात्र फाटकाच्या गजांना धरून उभी. मधल्या सुट्टीत बाहेर जायची परवानगी नव्हती. मध्ये एवढीशी गल्ली, आणि वास सगळा त्यांच्याकडे जात होता. एक लहान मुलगी गजांतून ताटली पुढे करून उभी राहिली. डावबाई उठली, गल्ली ओलांडून गेली, पण भरलेली ताटली गजांतून आत जाईना. तिरपी केली तर सांडायला लागली. पोरीने खाली सांडलेलं बोटाने निपटून घेतलं.

हे मोठ्या बाईंनी वरच्या खिडकीतून पाहिलं. मग त्या खाली आल्या.  त्यांनी शिपायाकडून किल्ली घेतली आणि फाटक उघडलं. "रांगेत," त्या मुलांना म्हणाल्या. आवाज चिरकला. त्यांनी घसा साफ केला. "धाकटे वर्ग पुढे. पळायचं नाही. ताटल्या वाजवायच्या नाहीत."

वर्गामागून वर्ग गल्ली ओलांडून अंगणात आले. अंगण भरलं, मग दुकानाची पायरी भरली, मग गल्लीच भरली. शिंप्याने मापाचे कपडे उचलून जागा करून दिली. डावबाई वाढत होती, पूर्ण डाव, आणि मागून शाळेच्या स्वयंपाकघरातली तिची जुनी सोबतीण दुसरं पातेलं चढवत होती.

साहेब आले ते दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी. गल्लीच्या तोंडाशीच थांबले, कारण पुढे पाय ठेवायला जागा नव्हती.

"ही शाळेची मुलं बाहेर कशी?" त्यांनी मोठ्या बाईंना विचारलं.

"अभ्यास चाललाय," मोठ्या बाई म्हणाल्या.

"कसला?"

"ज्वारीचा."

साहेबांनी डावबाईकडे पाहिलं. "हे बंद करावं लागेल. मला वर उत्तर द्यावं लागतं."

"द्या की," डावबाई म्हणाली. हात थांबला नव्हता. "सांगा, धान्य तुमचं नाही, चूल तुमची नाही, मी तुमची नाही. तुमचं काय आहे ते इथून उचलून न्या." मग तिने रांगेकडे मान उडवली. "पोरं तुमची असतील तर त्यांनाही न्या. पण आधी त्यांना विचारा, अर्धं जेवून येता की पूर्ण."

मुलांतून कुणी उठलं नाही. कुणी वरही बघितलं नाही. सगळी जेवत होती. साहेब आल्या वाटेने परत गेले. त्यांनी काही बंद केलं नाही, आणि परवानगीही दिली नाही. वर त्यांनी काय उत्तर दिलं ते कुणाला कळलं नाही.

ज्वारी काही वर्षभर पुरली नाही. दोन महिने ओढत आणल्यावर ती संपली, तेव्हा डावबाईने रिकामं पातेलं मुलांना दाखवून सरळ सांगितलं, संपलं. पण तोवर शेजारच्या बांधांवरून दोघंतिघं दादाच्या ओसरीवर बियाणं मागायला येऊन गेले होते. दादा ते स्वतःच्या हाताने मोजून द्यायचा आणि प्रत्येकाला जड जिभेने तेच सांगायचा: दुपारी शेतात थांबू नका.

डावबाईला शाळेने परत घेतलं नाही. एकदा मोठ्या बाईंनी शब्द टाकून पाहिला. अर्धा डाव मान्य असेल तर ये, असं वरून आलं. ती गेली नाही. मोठ्या बाईंची बदली झाली. जाताना त्या अंगणात येऊन जेवून गेल्या, आणि आदल्या दिवसापासून त्यांना छान भूक लागत होती असं त्यांनी सांगितलं.

पुढच्या वर्षी गरम वारा आणखी लवकर आला. या खेपेला त्याने ज्वारीलाही सोडलं नाही. शेताच्या वरच्या अंगाची निम्मी करपली. संध्याकाळी वहिनी हातगाडी घेऊन गल्लीत आली. गाडीवर पोती कमी होती. तिने एक पोतं सोडून मूठभर ज्वारी डावबाईपुढे धरली.

"दाणा बारीक आहे यंदा, वन्सं. आणि खालच्या अंगाला पुन्हा पेरायला घेतलंय. येईल न येईल."

डावबाईने मुठीतले दोन दाणे उचलून दाताखाली फोडले.

"पेरायला कधी जायचंय?"

"उद्या उजाडायच्या आत."

"मग उद्याच्या पातेल्यासाठी हे आत्ताच भिजत घालते," डावबाई म्हणाली आणि पोत्याचं एक टोक धरलं. दुसरं वहिनीने धरलं.